पर्शियन बोक्याचा डोळा सतत गळतो, ब्रीडर म्हणतात नॉर्मल आहे. खरंच का?

बोक्याची_आई:
नमस्कार, माझा पर्शियन बोका साडेतीन वर्षांचा आहे, एकदम चपट्या तोंडाचा. आणला तेव्हापासून डोळ्यांतून पाणी येतं आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना तांबूस ओघळ पडतात, सकाळी पुसलं की दुपारी परत तेच. झोपला की चांगला मोठ्याने घोरतो. ज्यांच्याकडून आणला ते म्हणतात पर्शियनचं असंच असतं, लक्ष देऊ नका. पण परवापासून उजवा डोळा अर्धा मिटून बसतोय आणि पंजाने चोळतोय. शिवाय कुणीतरी सांगितलं की या जातीत किडनीचा आजार आईबापाकडून येतो, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. खातो पितो व्यवस्थित, खेळतोही. यातलं साधं काय आणि सीरियस काय, प्लीज कुणीतरी नीट सांगा, घरात पहिलंच मांजर आहे.

केसाळ_कंपनी:
माझ्या मनीलाही असंच व्हायचं, तिच्यावेळचा एक ड्रॉप घरात पडलाय, दोन दिवसात डोळा साफ झाला होता. नाव शोधून सांगते, तोच घालून बघा.

तीन_पर्शियन:
ताई कृपया जुना ड्रॉप घालू नका!! डोळ्याच्या बऱ्याच ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड असतं आणि बुबुळावर जखम असेल तर स्टिरॉइडने ती चिघळते, खोल जाते, प्रसंगी डोळा जातो.

आता मूळ प्रश्न. दोन्ही डोळ्यांतून पाणी येणं आणि एक डोळा मिटून बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चपट्या तोंडामुळे डोळ्यातून नाकात जाणारी नळी मुडपलेली असते, पाणी आत उतरायला वाट नसते म्हणून गालावर येतं, आणि अश्रूंमधल्या रंगद्रव्याने ते केस तांबडे होतात. ते आयुष्यभर राहील. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसायचं, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस आणि नंतर कोरडं करायचं, ओलं राहिलं तर घडीतली कातडी लाल होते.

पण डोळा मिटतोय म्हणजे दुखतंय. यांचे डोळे मोठे, बाहेर आलेले, पापणी पूर्ण मिटत नाही, नाकाच्या घडीवरचे केस बुबुळाला घासतात, मग बारीक जखम होते. व्हेट डोळ्यात हिरवी चमकणारी डाय घालून बघतात, जखम असेल तर तेवढाच भाग हिरवा दिसतो. माझ्या मधल्या बोक्याच्या बाबतीत मी पाणीच तर येतंय म्हणून दीड महिना काढला आणि एक दिवस उजेडात धरून बघते तर बुबुळावर चहाच्या डागासारखा तपकिरी ठिपका. कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, तेवढा भाग मेला होता, पर्शियनमध्ये हे बरंच होतं, शेवटी ऑपरेशन करून काढावा लागला. त्याची बिचाऱ्याची काहीच तक्रार नव्हती, नुसता कोपऱ्यात बसायचा. म्हणून सांगते, आजच्या आज दाखवा, उद्यावर ढकलू नका.

पाणी_पिणारा_बोका:
डोळ्याचं वर आलंच आहे, मी किडनीचं सांगतो कारण माझा बोका आठव्या वर्षी त्यानेच गेला.

आजाराला पीकेडी म्हणतात. जन्मापासून किडनीत पाण्याच्या बारीक गाठी असतात, त्या वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात आणि चांगला भाग दाबून टाकतात. आईबापापैकी एकाकडे जरी तो जीन असला तरी प्रत्येक पिल्लाला तो मिळायची शक्यता निम्मी. 2004 मध्ये नेमका कोणता जीन ते सापडलं, त्याआधी अनेक देशांत सोनोग्राफी करून बघितलं तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त पर्शियन मांजरांत गाठी निघाल्या होत्या. आता गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन डीएनए टेस्ट होते, किंवा दहा महिन्यांनंतर अनुभवी माणसाने केलेल्या सोनोग्राफीत जवळजवळ नक्की कळतं. तुमचा साडेतीनचा आहे म्हणजे सोनोग्राफी करूनच टाका.

खातोय खेळतोय यावर जाऊ नका हो, माझाही खेळत होता. साध्या रक्त तपासणीत क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) वाढलेलं दिसतं तेव्हा साधारण तीन चतुर्थांश किडनी गेलेली असते, एसडीएमए नावाची तपासणी त्यापेक्षा लवकर सांगते. आम्हाला कळलं कसं, तर लिटर ट्रेमधले (शूच्या वाळूचे) ओले गोळे मुठीएवढे व्हायला लागले आणि वाटी दिवसातून दोनदा रिकामी. आम्हाला वाटलं छान पाणी पितोय.

गाठी निघाल्या तरी घाबरून जाऊ नका, काहींच्या फार हळू वाढतात. ओलं खाणं, भरपूर पाणी, दर सहा महिन्यांनी वजन आणि तपासणी. आणि वेदनेची गोळी व्हेटना विचारल्याशिवाय कधीच नाही, पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे.

तीन_पर्शियन:
घोरण्याचं राहिलं. गाढ झोपेत छाती किती वेळा वर येते ते एक मिनिट मोजा, तीसच्या आत हवं. सतत वर असेल किंवा तोंड उघडून श्वास घेत असेल तर थांबायचं नाही, कुत्र्यासारखं धापा टाकणं मांजरात साधं नसतं. हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजारही या जातीत असतो, व्हेटना एकदा छाती नीट ऐकायला सांगा. नाकपुड्या फारच बारीक असतील तर छोट्या ऑपरेशनने मोठ्या करता येतात. दातही बघून घ्या, जबडा आखूड म्हणून दाटीवाटीने येतात.

केसाळ_कंपनी:
ड्रॉपचं मनापासून सॉरी, मला खरंच माहीत नव्हतं. बाटली फेकून दिली.

बोक्याची_आई:
सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळीच नेला. उजव्या बुबुळावर जखम निघाली, वरवरची आहे म्हणाले, अँटिबायोटिक ड्रॉप दिवसातून चार वेळा आणि गळ्यात कॉलर. झोपेतला श्वास तीनदा मोजला, बावीस ते चोवीस. आज सोनोग्राफी झाली, डाव्या किडनीत तीन आणि उजवीत दोन गाठी आहेत, छोट्या. रक्ताचे रिपोर्ट सगळे चांगले आले. रिपोर्ट हातात घेऊन बाहेर बाकावर बराच वेळ बसले होते, हा पिंजऱ्यातून बोट चाटत होता.

त्याची सख्खी बहीण दुसऱ्या एका घरी आहे, त्यांना आत्ताच फोन करून सगळं सांगितलं, ते उद्या तिची सोनोग्राफी करून घेतायत. ब्रीडरनाही रिपोर्टचा फोटो पाठवलाय, आईबापाची टेस्ट होईपर्यंत पुढची पिल्लं घेऊ नका असं लिहिलंय. अजून उत्तर नाही, उद्या परत फोन करणार आहे.