इंग्लंडमध्ये मुलांच्या ताब्याचा दावा: थेट बॅरिस्टर की आधी सॉलिसिटर?

टेम्सकाठी
नवरा-बायको वेगळे झाले, मूल कुणाकडे किती दिवस यावर अडलं, की आपली मंडळी धावतात सॉलिसिटरकडे (दाव्याची कागदपत्रं सांभाळणारा वकील). माझ्या मते बहुतेकदा गरज नसते. 'पब्लिक अ‍ॅक्सेस'ने, म्हणजे सॉलिसिटर मध्ये न घेता, थेट बॅरिस्टर (कोर्टात बाजू मांडणारा वकील) करा. सी-100 हा मुलाबाबत आदेश मागण्याचा अर्ज ऑनलाइन स्वतः भरता येतो. त्याआधी मध्यस्थाबरोबरची मिआम बैठक (समेटाने सुटतं का ते बघणारी), घरगुती छळ असेल तर तिच्यातूनही सूट. मग कॅफकास (कोर्टाला मुलाच्या हिताबद्दल सल्ला देणारी संस्था) पोलीस आणि स्थानिक कौन्सिलकडे चौकशी करतं, दोघा पालकांना फोन करतं आणि पहिल्या सुनावणीआधी कोर्टाला पत्र देतं. यात सॉलिसिटरच्या तासांचं बिल कशाला? बॅरिस्टरची फी सुनावणीमागे ठरते, त्याचा क्लार्क आधीच आकडा सांगतो. 2013 पासून अशा दाव्यांत छळाचा पुरावा असल्याशिवाय लीगल एड (वकिलासाठी सरकारी मदत) जवळपास मिळतच नाही, हेही लक्षात घ्या.

लेस्टरकर
असहमत. खास परवाना नसेल तर असा बॅरिस्टर तुमच्या वतीने अर्ज दाखल करत नाही की कागद बजावत नाही. ते तुमच्या गळ्यात, आणि घोळ तिथेच होतो. कोर्टाच्या परवानगीशिवाय बंडल (सुनावणीसाठीचा कागदपत्रांचा गठ्ठा) 350 पानांच्या वर जाऊ शकत नाही. लोक व्हॉट्सअ‍ॅपचे शेकडो स्क्रीनशॉट कोंबतात: वरची तारीख कापलेली, मराठी मजकूर भाषांतराविना. छळाचा आरोप असून त्यासाठीचा सी-1ए फॉर्म भरायचाच राहतो. तो चार महिन्यांनी काढला की उलटतपासणीत पहिला प्रश्न, "इतके दिवस का बोलला नाहीत?"

पाटी_पेन्सिल
पैसे मोजकेच असतील तर ते कुठे घालायचे ते बघा. कलम 7 चा अहवाल (मुलाच्या हिताबद्दल कोर्टाने मागवलेला) आल्यावर आणि अंतिम सुनावणीला बॅरिस्टर हवाच, कारण अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची उलटतपासणी हे येरागबाळ्याचं काम नव्हे. निवेदनही त्याच्याकडून तपासून घ्या. 1989 च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टमध्ये मुलाच्या हिताचे सात मुद्दे दिलेत, जज त्यावरूनच जातात. आपल्या निवेदनांत सासूच्या टोमण्यांवर चार पानं आणि शाळेत कोण सोडणार यावर अर्धी ओळ!

लेस्टरकर
टेम्सकाठी, सुट्टीत मुलाला पुण्याला न्यायचं असेल तर? 'लिव्ह विथ' आदेश (मूल तुमच्याकडे राहील असा) हातात असेल तर महिन्याच्या आत ठीक, एरवी दुसऱ्या पालकाची संमती किंवा कोर्टाची परवानगी. परदेशी नेलेलं मूल परत पाठवण्याच्या 1980 च्या हेग करारात भारत नाही, आणि 2017 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी आदेश हा विचारात घेण्याचा फक्त एक मुद्दा मानला. त्यामुळे इथला जज हमी मागतो: भारतातल्या कायद्यावर तज्ज्ञाचं मत, कधी मोठी अनामत. ती अनामत ठेवायची कुठे? बॅरिस्टरला अशिलाचे पैसे सांभाळायला मनाई आहे. सॉलिसिटरचं क्लायंट अकाउंटच लागतं. पासपोर्टही बहुधा त्याच्याच तिजोरीत.

टेम्सकाठी
भारताचा मुद्दा मान्य, तिथे सॉलिसिटर घ्या. पण एक आड शनिवार-रविवारच्या वाटणीसाठी अजूनही नाही म्हणेन.

पाटी_पेन्सिल
आणि कौन्सिलनेच मूल आपल्या देखरेखीखाली घेण्यासाठी कलम 31 खाली अर्ज टाकला तर हा वादच सोडा. आईवडिलांना उत्पन्न न बघता लीगल एड मिळते, ती सॉलिसिटरमार्फत, आणि बॅरिस्टर तोच नेमतो. मुदत 26 आठवड्यांची, तेव्हा नोटीस आली त्याच दिवशी फोन करा.