नोंदीमुळे घट्ट झालेल्या ओळखी

भाषा, धर्म आणि वंश समान असले की समाज आपोआप उभा राहतो, असे अनेकदा मांडले जाते. मला ते अर्धेच पटते. आफ्रिकेतील रवांडा देशात हुतू आणि तुत्सी या दोन गटांची भाषा एकच, किन्यारवांडा, आणि वस्तीही एकाच टेकड्यांवर. गुरांचे कळप आणि दरबाराशी असलेली जवळीक यांवर दर्जा ठरे, आणि संपत्ती वाढलेले हुतू कुटुंब कालांतराने तुत्सी म्हणून गणले जाऊ शके, जरी हे सर्रास घडत नसले तरी. १९३० च्या दशकात बेल्जियन वसाहती प्रशासनाने ओळखपत्रावर गट नोंदवला, तो बापाकडून मुलाकडे जाऊ लागला आणि ही ये-जा जवळपास थांबली. १९९४ मध्ये हुतू अतिरेक्यांनी केलेल्या तुत्सींच्या नरसंहारात रस्त्यांवरील नाक्यांवर माणसांना अडवून हेच ओळखपत्र मागितले जाई, आणि त्यावरील एक शब्द जीवनमरणाचा निवाडा करी. अर्थात सगळे खापर वसाहतवाद्यांवर फोडणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, रवांडाचा राजा रवाबुगिरी याच्या काळात, हुतूंवर लादलेल्या वेठबिगारीने ही दरी आधीच रुंदावली होती.

नोंदीतून जोडणारी ओळखही घडू शकते. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकालाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना रोमन नागरिकत्व दिले. समकालीन इतिहासकार दिओच्या मते, यामागे सम्राटाचा डोळा वाढीव करांवर होता. तरीही १४५३ मध्ये पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल ऑटोमन तुर्कांच्या हाती पडली तेव्हा तेथील ग्रीकभाषक स्वतःला रोमनच म्हणवत होते, रोम शहर कधीच हातचे गेलेले असूनही.