गाडी बंद पडली, मग तुम्ही काय केलंत?

माझा ट्रक माझ्या थोरल्या मुलीपेक्षा तीन वर्षांनी मोठा आहे. सहा सिलिंडर, जुना यांत्रिक पंप, डॅशबोर्डवर तीन काटे, त्यातला एक सरळ सरळ खोटं बोलतो. अशा गाड्या चालवणाऱ्यांनी, बाळगणाऱ्यांनी आणि दुरुस्त करता करता आणखी बिघडवणाऱ्यांनी आपापले किस्से सांगावेत म्हणून हा धागा. यशोगाथाच हव्यात असं नाही. मला उत्सुकता आहे ती याची: बिघाड कुठे आहे असं वाटलं होतं, आणि निघाला कुठे?

सुरुवात मीच करतो. चालती गाडी दोन आचके देऊन बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. टाकीत डिझेल होतं. फिल्टर आठच दिवसांपूर्वी बदललेला, म्हणून संशय त्याच्यावर. हात शेवटी जिथे लागला, चोर तिथेच असतो, हा माझा लाडका सिद्धांत. दुसरा फिल्टर घातला, फिल्टरवरचा बोल्ट सैल केला, हँड पंप मारत बसलो. आधी नुसता फेस, मग फेस आणि डिझेल, मग स्वच्छ धार. बोल्ट आवळला. तरी पकडेना, म्हणून नोझलकडचे, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांकडचे, नट एक एक करून सैल केले आणि सेल्फवर तिथली हवाही काढली. गाडी सुरू! वीस मिनिटं चालली आणि परत बंद.

हा खेळ तीनदा झाल्यावर डोकं चाललं. हवा बाहेरून आत येत होती. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी डिझेल ओढते, ढकलत नाही. तिथे चीर पडली तर गाडी चालू असताना डिझेल गळत नाही, उलट हवा आत घेतली जाते. आपण खाली वाकून ओलं कुठे दिसतंय ते शोधत बसतो, आणि नळी बाहेरून कोरडी ठणठणीत. शेवटी एका डब्यात डिझेल भरलं, डबा इंजिनजवळ उंचावर टांगला आणि वेगळी नळी थेट फीड पंपाला जोडली. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, एकदाही अडखळलं नाही. म्हणजे पंप, फिल्टर, नोझल सगळे निर्दोष. चीर सापडली चेसीवरच्या एका क्लिपखाली, जिथे नळी वर्षानुवर्षं घासत होती.

नोझलला दाबाने डिझेल पुरवणारे असे यांत्रिक पंप बॉशने १९२७ साली घाऊक प्रमाणात बनवायला घेतले. त्यातली मेख आजही तीच आहे: डिझेल दाबून आकसत नाही, हवा आकसते. पंपातला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, बुडबुडा नुसता चेपत बसतो आणि नोझल उघडण्याइतका दाब कधी तयारच होत नाही. हे मला आधी समजलं असतं तर एक फिल्टर वाचला असता.

* * *

माझा किस्सा विजेचा. गाडी वडिलांची, आता मी बघते. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक्. दुसऱ्यांदा टक्. तिसऱ्यांदा कण्हत कण्हत अर्धा फेरा. सगळ्यांचं एकमत: बॅटऱ्या गेल्या. चोवीस व्होल्टची गाडी, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक. दोन्ही नवीन घातल्या. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी टक्.

मग सेल्फ उतरवायचं ठरलं. ते धूड खाली झोपून काढायचं म्हणजे काय, ते काढलेल्यांनाच विचारा. त्याआधी मी मीटर घेऊन बसले. बॅटरीचं टोक आणि इंजिनचा ब्लॉक यांमध्ये मीटर लावलं, दोन्ही ऋण बाजू, म्हणजे मध्ये काहीच दिसायला नको. भावाला सेल्फ मारायला सांगितलं. काटा चार व्होल्टच्या पुढे! अर्धा व्होल्टसुद्धा जास्त म्हणतात तिथे. वीज जायची वाट बरोबर होती, परतीची वाट बंद होती. चेसीवरून इंजिनला येणारी जाड अर्थिंगची पट्टी वरून रंगवलेली, देखणी. बोल्ट खोलला तर आत हिरवट-तपकिरी भुगा. कानस मारून धातू चकचकीत केला, पट्टी घट्ट बसवली, वरून ग्रीस. त्याच जुन्या सेल्फने गाडी एका झटक्यात उठली.

बाद केलेल्या त्या दोन बॅटऱ्या चार्ज करून तपासल्या, तर त्याही ठीक होत्या.

* * *

मी आयुष्यभर हेच काम केलंय, आता निवृत्त आहे. किस्से पुष्कळ आहेत, पण आधी तीन गोष्टी सांगतो आणि त्यावर वाद घालणार नाही.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. खाली घोडी लावा, चाकांना गुटके लावा, मग झोपा. जॅकचं सील सुटायला क्षण पुरतो.

रिंगवाल्या जुन्या चाकात हवा भरताना समोर उभं राहायचं नाही. टायरला चाकावर अडकवून ठेवणारी लॉक रिंग नीट बसली नसेल तर ती तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. पिंजऱ्यात ठेवून, लांब नळीने, बाजूला उभं राहून हवा भरा. गंजलेली रिंग ठोकून बसवणारे शूर लोक मी पाहिलेत. एकाचा जबडा तारेने बांधलेलाही पाहिलाय.

आणि इंजिन चालू असताना नोझलच्या पाइपची गळती हाताने चाचपायची नाही. तिथे दोनेकशे बार दाब असतो. डिझेलची बारीक फवारणी कातडीतून आत जाते, सुईने टोचल्यासारखी खूण दिसते, फारसं दुखतही नाही, आणि माणूस घरी जाऊन झोपतो. मग हात कापायची वेळ येते. पुठ्ठा धरा, पुठ्ठा ओला झाला की गळती कळते.

बाकी तुमचं चालू द्या.

* * *

आमची फजिती छोटी आहे. डाव्या बाजूचं चाक पंक्चर. नट निघेनात. पान्याला पाइप लावला, पाइपवर मी उभा राहिलो, मग मी आणि मेहुणा दोघे उभे राहिलो. कट्ट असा आवाज झाला, आम्हाला वाटलं सुटला. तुटला होता. दुसराही तसाच तोडला. तिसऱ्याच्या वेळी शेजारच्या गाडीतला एक म्हातारा ड्रायव्हर खाली उतरला, काही न बोलता पाना उलट्या दिशेने फिरवला आणि नट निघाला.

बऱ्याच जुन्या ट्रकांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात, चाक फिरताना नट सैल होऊ नयेत म्हणून. बोल्टच्या टोकावर ‘एल’ कोरलेलं होतं. चिखल पुसला असता तर दिसलं असतं.

* * *

दोन महिने उभी ठेवलेली गाडी बाहेर काढायची होती. इंजिन पहिल्या सेल्फला लागलं, गिअर पडला, गाडी मात्र जागची हलेना. मला वाटलं ब्रेकचे लायनर गंजून ड्रमला चिकटले. मागची चाकं खोलायची तयारी केली. तेवढ्यात हवेच्या काट्याकडे लक्ष गेलं: तीन बारवर अडकलेला. मग प्रकाश पडला. हँडब्रेक हवेने लागत नाही, हवेने सुटतो. आत स्प्रिंग असते, तिचा कल सतत ब्रेक धरून ठेवायचा. हवा तिला मागे दाबते. दाब पाच-सहा बारपर्यंत गेला नाही तर ती पूर्ण सुटणार कशी? हवेच्या ब्रेकची ही सगळ्यात शहाणी गोष्ट आहे. हवा गेली की गाडी थांबते, सुटत नाही.

गळती शोधायला साबणाचं पाणी आणि रंगाचा जुना ब्रश. इंजिन बंद करून आधी कान लावला, फुसफुस मागून कुठून तरी येत होती. एक एक जोड ओला करत गेलो. टाकीखालच्या पाणी काढायच्या व्हॉल्व्हवर बुडबुड्यांचा गोंडा फुलला. दोन महिने पाणी साचून आतलं सील कुजलं होतं. टाक्यांतलं पाणी रोज काढावं हे मी दुसऱ्यांना सांगतो.

गाडी हवेशिवाय हलवायची वेळ आलीच, तर स्प्रिंग बोल्टने आवळून ब्रेक सोडता येतो, पण आधी चाकांना गुटके. आणि तो स्प्रिंगचा डबा खोलायचा नाही. वरच्या निवृत्त मिस्त्रींनी हे चौथं कलम लिहायला हवं होतं.

* * *

निवृत्त मिस्त्री: बरोबर. राहून गेलं.

* * *

माझी गाडी चढावर गरम व्हायची, सपाटीवर शहाण्यासारखी वागायची. पट्टा ताणून बघितला, ठीक. रेडिएटरची टोपी बदलली, कारण टोपी दाब धरते म्हणूनच पाणी शंभर अंशांवर उकळत नाही. एक बार जास्त दाब असेल तर ते एकशेवीसच्या आसपास उकळतं. फरक शून्य. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात, थर्मामीटरसकट गरम पाण्यात सोडला. लिहिलेल्या अंशांवर अगदी आज्ञाधारकपणे उघडला. आता उरलं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील, आणि त्या नावानेच माझ्या पोटात गोळा आला. पण पाण्यात बुडबुडे नाहीत, ऑइल दुधाळ नाही, धूर पांढरा नाही.

एका रविवारी कंटाळून रेडिएटर पूर्ण उतरवला आणि उजेडासमोर धरला. वरचा एक तृतीयांश सोडला तर उजेड पलीकडे येतच नव्हता. इंजिनच्या बाजूने ऑइलचा तवंग, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा ऑइल. गोधडीच म्हणा. मी इतकी वर्षं पुढून पाणी मारत होतो, समोरची बाजू चकचकीत होती. आतल्या बाजूने साबण लावून, हळू धारेने, बाहेरच्या दिशेला धुवायला दुपार गेली. जोराची धार मारू नका, पत्र्याची पानं आडवी होतात आणि मग तीही वाट बंद.

* * *

तात्पुरत्या दुरुस्तीबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. क्लचचं ऑइल गळून पेडल जमिनीला टेकलं, गाडी रिकामी होती, रस्ता मोकळा होता. इंजिन बंद, पहिला गिअर टाकला, सेल्फ मारला, गाडी धक्का खाऊन सेल्फवरच निघाली. पुढचे गिअर कानाने: ॲक्सिलरेटर सोडायचा, न्यूट्रल, इंजिन उतरेपर्यंत थांबायचं, दांडा अलगद सरकवायचा. घाई केली की खर्रर्र. घरी पोचलो. अभिमानाने सांगतोय खरा, पण भरलेल्या गाडीत किंवा गर्दीत मी हे करणार नाही.

दुसरी गोष्ट अभिमानाची नाही. रेडिएटरच्या पाइपला ‘आजच्यापुरती’ तार गुंडाळली होती. ती दोन वर्षं टिकली. फुटली तेव्हा रात्र होती.

* * *

बारीकसं सांगायचं तर, डिझेलच्या जोडांखालचे तांब्याचे वॉशर फेकू नका. वापरून कडक होतात म्हणून गळतात. लालबुंद तापवून पाण्यात टाकले की पुन्हा मऊ. लोखंडाच्या उलटा स्वभाव आहे तांब्याचा.

* * *

पहिल्या अनुभवावरून विचारते. आमची गाडी टाकी भरलेली असताना झकास चालते. अर्ध्याच्या खाली गेली की धापा टाकते, मग बंद. डिझेल भरलं, हवा काढली की पुन्हा झकास. नळ्या सगळ्या नवीन आहेत. मिस्त्री म्हणतात पंप खोला.

* * *

पंप खोलू नका. टाकीच्या आतली नळी बघितलीत का? वरून तळापर्यंत जाते ती. तिला मध्यावर चीर असेल तर डिझेल वर असेपर्यंत चीर बुडालेली राहते. पातळी खाली गेली की तिथून हवा. नळी बाहेर काढा, पुसून कोरडी करा, एक टोक बुचाने बंद करा, पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकातून हवा मारा. सायकलच्या पंपाने चालेल, तोंडाने नको, डिझेल आहे.

* * *

आत्ता काढली. मधोमध, डाग दिलेल्या जागी, केसाएवढी. बुडबुडे एका रांगेत येतायत.