कॉर्फू: डरेल कुटुंबाची घरं नेमकी कुठे? दोन दिवसांत काय जमेल?

दादरचा_वाचक
मंडळी, वाचनगटात सध्या जेराल्ड डरेल या लेखकाचं, ग्रीसच्या कॉर्फू बेटावरच्या बालपणाच्या आठवणींचं पुस्तक चालू आहे. मे महिन्यात आम्ही चौघं ग्रीसला जातोय, कॉर्फूसाठी दोनच दिवस आहेत. पुस्तकात गुलाबी, पिवळं आणि पांढरं अशी तीन घरं येतात. नेटवर मात्र ‘व्हाइट हाऊस’ म्हणून कलामी गावातलं घर दाखवतात, आणि ते तर शहरापासून बरंच लांब, ईशान्य किनाऱ्यावर आहे. मग पुस्तकातलं पांढरं घर तेच का? आमच्यात गाडी चालवणारं कुणी नाही.

खाजणकाठ
ती दोन वेगळी घरं आहेत आणि हा घोळ बहुतेकांचा होतो. कलामीचं व्हाइट हाऊस जेराल्डच्या थोरल्या भावाचं, लॅरीचं. तो बायको नॅन्सीबरोबर तिथे राहायचा. जेराल्डने पुस्तकातून नॅन्सीला गाळलं आणि लॅरीला आईच्या घरात आणून बसवलं. त्यामुळे पुस्तक हातात धरून कलामीला गेलात तर काहीच जुळणार नाही.

आई लुईझा, बाकीची भावंडं लेस्ली व मार्गो आणि जेरी (म्हणजे जेराल्ड) १९३५ ते १९३९ मध्ये एकामागून एक तीन घरांत राहिले. गुलाबी पेरामाला, पिवळं कोंडोकालीजवळ समुद्रकाठी, आणि पांढरं हालिकिओपूलू खाजणाच्या बाजूला. तिन्ही खाजगी आहेत, दार वाजवायला जाऊ नका. या कुटुंबावरच्या टीव्ही मालिकेतलं घर तर यांतलं कुठलंच नव्हे.

माझं मत विचाराल तर घरांमागे धावण्यापेक्षा खाजण बघा. जेरी जिथे कासवं आणि पाणसाप धरायचा ती ‘बुद्धिबळाच्या पटाची शेतं’ म्हणजे व्हेनिसच्या राजवटीतली जुनी मिठागरं. भांडुप-मुलुंडची मिठागरं पाहिलेल्याला ती रचना समजावून सांगावी लागत नाही: चौकोनी वाफे आणि मधून पाण्याचे चर. आज विमानतळाची धावपट्टी त्याच खाजणात भराव घालून काढलेली आहे, म्हणजे तुमचं विमान उतरेल तेच पुस्तकातल्या मुलखात.

कॉर्फू शहरातल्या सान रोक्को चौकातून २ नंबरची निळी बस कानोनीला जाते. टेकडीवरून खाली व्लाखेर्ना मठापाशी उतरा. तिथून खाजणाच्या तोंडावरचा बांध ओलांडला की पेरामा. बांध अरुंद आहे आणि दुचाक्याही त्यावरूनच जातात, एकामागे एक चाला. परतताना पेरामाहून ६ नंबरची बस मिळते. तिकीट आधीच टपरीवर घ्या, बसमध्ये महाग पडतं.

मिठबंदर_रोड
यात मुंबईचा धागा राहून जातो, तो सांगतो. जेरीला सूक्ष्मदर्शक आणि डबक्यातले जीव दाखवणारा डॉ. थिओडोर स्टेफानिडिस १८९६ मध्ये आपल्या मुंबईत जन्मला. वडील इथे रॅली ब्रदर्स या व्यापारी कंपनीत नोकरीला. घरात इंग्रजी बोलायचे. १९०७ मध्ये कुटुंब कॉर्फूला गेलं तेव्हा हा अकरा वर्षांचा होता, ग्रीक त्यानंतर शिकला. पुढे क्ष-किरण तज्ज्ञ झाला आणि कॉर्फूच्या गोड्या पाण्यातल्या जीवांवर त्याने ग्रंथ लिहिला. त्याच्या फिरायच्या काठीच्या टोकाला बारीक जाळी असायची आणि जाळीच्या तळाशी काचेची छोटी बाटली. जाळी पाण्यातून फिरवली की पाणी गळून जातं, जीव बाटलीत राहतात.

डरेल मुलंही चारही हिंदुस्थानात जन्मलेली. लॅरी जालंधरचा, जेरी जमशेदपूरचा. आई तर रुरकीची. या लोकांना ‘इंग्लंडहून आलेले’ एवढंच समजून पुस्तक वाचलं, तर इंग्लंडात त्यांचा जीव का रमला नाही ते कळत नाही.

दादरचा_वाचक
हे थिओडोरचं गटात नक्की सांगतो! कलामी आणि पेरामा एकाच दिवशी होईल का?

ताई_विलेपार्ले
नका करू. कलामीला कासिओपीकडे जाणारी हिरवी बस घ्यावी लागते, ती वरच्या हमरस्त्यावर सोडते. उतरताना काही वाटत नाही, पण दुपारच्या उन्हात तोच चढ परत चढताना दम निघतो. सकाळची पहिली बस धरा आणि परतीची वेळ स्टँडवरच लिहून घ्या. रविवारी बस कमी असतात, तो दिवस पेरामाला द्या. व्हाइट हाऊसच्या खाली खानावळ आहे, तिथे पाण्याला लागून बसता येतं. घर समुद्रातून बघायचं असेल तर ३० अश्वशक्तीपर्यंतची बोट परवान्याशिवाय भाड्याने मिळते, पण वारा असेल तर तो बेत सोडा.

मे महिना उत्तम. तिथला पाऊस आपल्या उलट, हिवाळ्यात पडतो, आणि काजवे मेच्या सुमारास दिसतात. व्हिसाला प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, निदान पंधरा दिवस हातात हवेतच. फी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. विम्याची तारीख परतीच्या दिवसापर्यंत आहे ना, ते चौघांचंही वेगवेगळं तपासा.

शहरात जुन्या किल्ल्याजवळच्या बोस्केटो बागेत लॅरी आणि जेरी या दोघा भावांची काशाची शिल्पं आहेत. बाजूच्या स्पिआनाडा मैदानाच्या एका कडेला क्रिकेट चालतं, संध्याकाळ तिथे काढा.