घरी बसून मिळवलेला ग्लोब: फर्नांदा तोरेस की सोनिया ब्रागा?

तिकीटबारी: जानेवारी २०२५ मध्ये ब्राझीलची अभिनेत्री फर्नांदा तोरेसला 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'साठी गोल्डन ग्लोब मिळाला. सिनेमा पोर्तुगीज भाषेतला, कथा ब्राझीलची : १९७१ मध्ये लष्करी राजवटीने उचलून नेलेल्या रुबेन्स पाइवांची बायको, युनिसी. तोरेसने आयुष्य काढलं रंगभूमीवर आणि ब्राझीलच्या ग्लोबो वाहिनीच्या विनोदी मालिकांत. ब्राझीलचीच अभिनेत्री सोनिया ब्रागा मात्र अमेरिकेला गेली आणि हाती काय लागलं? 'मून ओव्हर पॅराडोर'मध्ये हुकूमशहाची रखेल, 'द रुकी'मध्ये चक्क जर्मन गुंडीण. माझं मत : परदेशात नाव हवं असेल तर आपली भाषा सोडू नये.

पडद्यामागे: असहमत. तोरेसला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक १९८६ मध्येच मिळालं होतं (विभागून), वय अवघं वीस. मग ग्लोबपर्यंत ३९ वर्षं का लागली? भाषा तर तेव्हाही हीच होती. मध्ये या सिनेमाच्या वॉल्टर सालेससारखा दिग्दर्शक आणि अमेरिकी वितरक मिळावा लागतो. ते जमलं नाही की 'घरी राहिली' हा गुण कसला, ती नुसती परिस्थिती!

जुनी_खुर्ची: तिच्या आईचं काय? फर्नांदा मोंतेनेग्रो. 'सेंट्रल स्टेशन'मधली, रिओच्या स्टेशनवर निरक्षरांची पत्रं लिहून देणारी आणि ती पोस्टात न टाकणारी खडूस दोरा. बर्लिन महोत्सवात 'रौप्य अस्वल' पुरस्कार, १९९९ मध्ये ऑस्करचं नामांकन, तेही पोर्तुगीज बोलूनच. दिग्दर्शक तोच सालेस, हे खरं. 'आय अ‍ॅम स्टिल हिअर'मध्ये ती म्हातारी युनिसी झाली आहे. तोंडातून शब्द नाही, नुसते डोळे. मी तर तेवढ्याचसाठी तो पुन्हा पाहिला.

पडद्यामागे: मोंतेनेग्रोबाईंबद्दल वादच नाही. पण ब्रागाला इतकं स्वस्तात काढू नका. 'किस ऑफ द स्पायडर वुमन'मध्ये तिने तीन भूमिका केल्या, आणि कारकिर्दीत गोल्डन ग्लोबची तीन नामांकनं मिळवली. लॅटिन बाईला तेव्हा हॉलिवूड ज्या भूमिका देत होतं त्या तिने लिहिल्या नव्हत्या. राग लेखकांवर काढा.

तिकीटबारी: बरं, 'स्वस्तात' हा शब्द लागला. पण तिचं सगळ्यात भारी काम कुठलं? 'अ‍ॅक्वेरियस', २०१६. रेसिफेतलं घर, पोर्तुगीज संवाद, कानची स्पर्धा. म्हणजे फिरून माझ्याच मुद्द्यावर आलात.

पडद्यामागे: 'अ‍ॅक्वेरियस'मधली घर न सोडणारी ती विधवा क्लारा साकारायला घर सोडून गेलेलीच बाई लागली, हे तुमच्या मुद्द्यात कुठे बसतं?