पगाराच्या आकड्यामागचा करार

लाखांनी पगार घेणाऱ्या वैमानिकांना संघटना हवीच कशाला, हा आपला प्रश्न वरवर रास्त वाटतो. परंतु आकड्याआधी करार वाचावा. इथे कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीला आमच्या शेजारचा मुलगा सहवैमानिक आहे. 200 तासांचे उड्डाण पुरे करून परवाना मिळवण्यासाठी वडिलांनी शेत गहाण टाकले आणि अजूनही उसाच्या बिलातून हप्ते जातात. पुढे विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण कंपनीने दिले, मात्र मुदतीआधी नोकरी सोडल्यास तो सगळा खर्च भरून द्यावा लागेल, ही करारातली ओळ वडिलांनी पेन्सिलीने अधोरेखित केलेली मी पाहिली आहे. कंपनीचा पैसा बुडू नये, हे मान्यच. पण त्यावर 2017 साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोकरी सोडताना कॅप्टनसाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची पूर्वसूचना सक्तीची केली. असा दोन्हीकडून बांधलेला माणूस व्यवस्थापनापुढे एकटा काय घासाघीस करणार? विश्रांतीचेच पाहा. आठवड्याची सलग विश्रांती 36 वरून 48 तासांवर नेणारा नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाला आणि वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्यानंतर, जुलै 2025 मध्ये लागू झाला.