रॉ डिस्कवरचं उबुंटू थेट चालतं, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ईएफआय शेल येतं

प्रश्न
होस्ट विंडोज ११. दुसऱ्या एसएसडीवर उबुंटू आहे, एरवी ड्युअल बूटने (मशीन चालू करताना विंडोज की उबुंटू ते निवडून) चालतं. तीच डिस्क व्हीएममध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये) चालवायला रॉ डिस्कची व्हीएमडीके केली, म्हणजे खऱ्या डिस्ककडे बोट दाखवणारी फाइल. आधी 'ॲक्सेस डिनाइड' यायचं. व्हर्च्युअलबॉक्स ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्यावर ते गेलं. सेटिंगमध्ये ईएफआय (मशीन सुरू करणारं फर्मवेअर) चालू केलंय, तरी उबुंटूऐवजी थेट ईएफआय शेलमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या कमांड स्क्रीनवर जातं. डिस्क खराब असेल का?

उत्तर १
डिस्क ठीक असावी, नाहीतर थेट बूटही अडलं असतं. पण एक गोष्ट आधी करा: विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडमध्ये 'लिस्ट डिस्क', मग आकार ताडून 'सिलेक्ट डिस्क १', मग 'ऑफलाइन डिस्क'. त्या एसएसडीवर एखादं एनटीएफएस (विंडोजच्या फाइल सिस्टमचं) पार्टिशन असेल तर विंडोज ते माउंट करून बसतं. तिकडे व्हीएमनेही लिहिलं की फाइल सिस्टमची वाट लागते.

स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जतन केलेली स्थिती) अजिबात घेऊ नका. बदल वेगळ्या फाइलमध्ये जातात, मग थेट बूट केलं की खालची डिस्क बदलते आणि दोन्हींचा मेळ उरत नाही. व्हर्च्युअल मीडिया मॅनेजरमध्ये या डिस्कचा प्रकार 'राइटथ्रू' ठेवा, म्हणजे ती स्नॅपशॉटमधून वगळली जाते.

उत्तर २
शेलचं कारण बहुधा वेगळं आहे. उबुंटूचा इन्स्टॉलर बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) अनेकदा पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवर टाकतो. व्हीएमला फक्त दुसरी डिस्क दिसते, तिथे लोडरच नाही. उबुंटूमध्ये 'एलएसबीएलके -एफ' चालवा आणि बूट/ईएफआय फोल्डरवर कुठल्या डिस्कचं पार्टिशन माउंट (जोडलेलं) आहे ते बघा.

प्रश्नकर्ता
बरोबर, ते विंडोजच्या डिस्कवर आहे. दुसरीवर फक्त एक्स्ट४ (लिनक्सच्या फाइल सिस्टमचं) पार्टिशन.

उत्तर २
मग बॅकअप घ्या आणि व्हीएम उबुंटूच्या लाइव्ह आयएसओवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या प्रतीवरून) ईएफआय मोडमध्येच चालू करा. त्यातल्या जीपार्टेड या पार्टिशनच्या साधनाने एक्स्ट४ थोडं आकसून ५१२ एमबीचं फॅट३२ पार्टिशन करा, त्याला 'ईएसपी' (ईएफआय पार्टिशनची खूण) फ्लॅग द्या. रूट पार्टिशन (उबुंटूचं मुख्य, एक्स्ट४) माउंट करा, त्यातल्या बूट/ईएफआयवर हे नवं. डेव्ह, प्रॉक, सिस आणि सिसमधलं ईएफआयव्हार्स हे सिस्टीम फोल्डर बाइंड करून (तिथेही दिसतील असे जोडून) सीएचरूट, म्हणजे डिस्कवरच्या उबुंटूत शिरा, मग बूटलोडर टाकणारी 'ग्रब-इन्स्टॉल' कमांड.

बाहेर पडण्याआधी एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये) बूट/ईएफआयच्या ओळीत नव्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) लिहा. हे हमखास राहून जातं: जुनं पार्टिशन व्हीएममध्ये नसल्यामुळे बूट दीड मिनिट थांबतं आणि इमर्जन्सी मोडमध्ये पडतं.

उत्तर १
आणखी एक. व्हीएमडीकेमध्ये डिस्कचा नुसता क्रमांक असतो. यूएसबी डिस्क जोडून विंडोज चालू केलं तर तो क्रमांक बदलू शकतो, म्हणून अशा वेळी व्हीएम सुरू करण्याआधी 'लिस्ट डिस्क' पुन्हा बघा.